जांगडावर आणलेले दोन डोळे

अंबडात दुर्बीण म्हटलं की पुंजाराम मास्तर, असं सात वर्षं चाललं होतं. आठव्या वर्षी काकासाहेबांनी दुर्बीण आणली आणि मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं ओव्यानं थांबणारं नव्हतं की सुंठीनं.

मास्तरांची दुर्बीण विकतची नव्हती, घडवलेली होती. मुंबईच्या भंगारबाजारातून त्यांनी जहाजाच्या खिडकीच्या दोन जाड काचा आणवल्या होत्या. एक काच पिंपावर पक्की बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवायची, मधे बारीक रेती आणि पाणी घालून घासायचं, आणि घासता घासता पिंपाभोवती फिरायचं. अशा फेऱ्या त्यांनी तीन वर्षं मारल्या. शाळा सुटली की पिंप, सुट्टी असली की पिंप. शेजारच्या सोनूबाई त्यांच्या बायकोला, तुळजाबाईला, भिंतीवरून विचारायच्या, "मास्तरीणबाई, मालकानं देव बदलला का काय? मारुतीला सोडून पिंपाला प्रदक्षिणा घालून राह्यलेत." शेवटी सोनाराच्या लाल भुकटीनं काच उजळली, औरंगाबादच्या आरसेवाल्यानं तिच्यावर चांदी चढवली आणि सहा इंची आरसा तयार झाला. चार फुटी लाकडी पेटीच्या तळाशी तो बसला, आणि ती पेटी बाभळीच्या घोडीवर मास्तरांच्या माळवदावर उभी राहिली.

तेव्हापासून दर संकष्टीला तिथं गर्दी. मास्तरांचं घर गावाच्या उगवतीच्या टोकाला, पुढं नुसती शेतं. म्हणून उपासाच्या बायाबापड्या चंद्र बघायला त्यांच्याच माळवदावर यायच्या. चंद्र वर यायला साडेआठ-नऊ व्हायचे. तोवरच्या अंधारात मास्तर एकेकाला पेटीशी बोलावून आभाळ दाखवत. समोरचं माणूस "अगाबाई!" म्हणालं, की मास्तर अंधारातच मिशीतल्या मिशीत हसत. शाळेत हेडमास्तर त्यांना उर्दूच्या उच्चारांवरून पोरांदेखत बोलत. घरात छताची माती गळे. पण महिन्यातून एक संध्याकाळ अशी होती, की सगळं गाव त्यांच्या एका शब्दावर मान वर करी नि खाली करी. तेवढ्या एका संध्याकाळवर मास्तर महिना काढत.

काकासाहेब हे नाव त्या माणसाला पाळण्यातच मिळालं होतं. त्यामुळं शाळेत छडी मारतानाही पंतोजींना "साहेब, हात पुढं करा" असं म्हणावं लागे. त्या वेळी मास्तर आणि ते एका बाकावर बसत, आणि हिशेब मास्तरांच्या पाटीवरून काकासाहेबांच्या पाटीवर जात. पुढं काकासाहेबांचा जालन्याला कापसाचा जिन झाला, अंबडात दोन मजली बंगला झाला. आपण त्यांना "अहो-जाहो" कधी करायला लागलो हे मास्तरांना आठवत नव्हतं. काकासाहेब मात्र अजून "अरे-तुरे"वरच होते. हे मास्तरांना रोज नव्यानं टोचे.

आणि त्या दिवाळीनंतर ही दुर्बीण. जालन्याच्या रेल्वेतला कोणी गोरा इंजिनिअर विलायतेला चालला होता. त्यानं सामान विकायला काढलं, त्यात काकासाहेबांनी ती उचलली. तीन वर्षं नाही, तीन दिवस नाही. गेले, पैसे मोजले, मोटारीत घालून आणली. तीन इंची भिंगाची, लांबलचक, सडपातळ पितळी नळी. सगळं गाव बघायला गेलं. मास्तर गेले नाहीत. आपला डोळा त्या नळीला लावायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. कार्तिकातल्या संकष्टीला त्यांच्या माळवदावर निम्मीच माणसं आली. उरलेली कुठं होती ते बंगल्याच्या गच्चीवरच्या हसण्याखिदळण्यावरून कळत होतं.

चार दिवसांनी काकासाहेब स्वतः घरी आले.

"मास्तर, तुझ्याकडं कामानं आल्तो," ओसरीवर बसत ते म्हणाले. "त्या दुर्बिणीतून काही धड दिसून न्हाई राह्यलं. चांदणं दिसतं, पण एवढुसं. एक बघावं तं दुसरं गायब. लोकं कंटाळून राह्यले. सगळं एकदम दिसंल असं काही मिळतं का?"

मास्तरांना आतून उकळी फुटली. लोकं कंटाळली हे ऐकायला फार बरं वाटलं. पण उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं बोलून दाखवल्याशिवाय मास्तरकी राहवत नाही.

"डोळा बदलावा लागंल," ते म्हणाले.

दुर्बिणीला जिथं आपण डोळा लावतो तिथं बोटभर लांबीची, भिंगं भरलेली एक डबी असते. पुस्तकात तिला आयपीस म्हणतात. अंबडात तिला दुर्बिणीचा डोळा म्हणत. पुढचा आरसा किंवा भिंग कितीही चांगलं असो, आभाळाचा केवढा तुकडा दिसायचा ते हा डोळा ठरवतो. मास्तरांकडचा डोळा जमीनमोजणीच्या मोडक्या यंत्रातून काढलेला होता. त्यातून आभाळ चवलीएवढं दिसे. रुंद डोळा मिळावा म्हणून मास्तर स्वतःच कधीपासून जीव टाकत होते. कृत्तिकांचा सगळा पुंजका एका नजरेत बघायचा, एवढीच त्यांची हौस होती. त्यांच्या डोळ्यातून त्या दोन-दोन, तीन-तीन करून बघाव्या लागत.

"कुठं मिळंल?" काकासाहेबांनी विचारलं.

"जालन्याला बघावं लागंल."

"मंग तूच जा. मला त्यातलं काय कळतं? तू म्हणशील तो घेऊ." आणि जाता जाता त्यांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. थाप प्रेमाचीच होती. मास्तरांना ती रात्रभर जाणवत राहिली.

निजामाच्या राज्यात शुक्रवारी शाळेला सुट्टी. सकाळच्या सरकारी मोटारीनं मास्तर जालन्याला गेले आणि तिथल्या कादराबादेत याकूब चष्मेवाल्याच्या दुकानाची पायरी चढले. याकूबमियां म्हणजे नाकावर स्वतःचा चष्मा आणि कपाळावर गिऱ्हाइकाचा, असा माणूस. लढाई संपल्यावर लष्कराचा माल लिलावात निघाला, त्यात त्यांनी एक पेटी घेतली होती, हे मास्तरांना माहीत होतं.

"आदाब, मास्तर साब. तुमच्या नशिबानं दोनच पीस राह्यले," म्हणत याकूबमियांनी फडक्यातून दोन डोळे काढून काउंटरवर ठेवले. "तोफेच्या दुर्बिणीतले हायेत. बाकीचे फुटके निघाले."

एक काळा होता, उंच, वजनदार, हातात घेतला की मनगट खाली जाई. दुसरा पितळी, बुटका, पण त्याचं भिंग चांगलं रुपयाएवढं रुंद. मास्तरांनी दोन्ही उजेडाकडं धरून बघितले. काळ्यातून रस्त्यावरची टांग्यांची रांग दिसली. पितळीतून ती रांग दिसलीच, शिवाय दोन्ही बाजूंची दुकानं दिसली. मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"दिवसा काय कळत न्हाई," ते शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले. "चांदणीवर लावून बघावं लागंल."

"बिलकुल. जांगडावर न्या दोन्ही. आठ दिवस बघा. पसंत ते ठेवा, नापसंत ते वापस आणा. नळीचं माप काय?"

"दोन्ही दुर्बिणींचं सव्वा इंचच आहे."

याकूबमियांनी दोन्ही डोळ्यांना सव्वा इंची बांगडी बसवून दिली. मग कपाळावरचा चष्मा सारखा करत विचारलं, "दोन दुर्बिणी म्हणता. घ्यायचा कुणासाठी?"

"काकासाहेबांसाठी. अंबडचे."

"मंग त्यांच्याच दुर्बिणीवर लावून बघा, मास्तर साब. आमच्याकडं याचा चष्मा त्याच्या नाकावर घालून बघत न्हाईत. हा धंद्याचा पहिला कायदा हाये."

"हो हो," मास्तर म्हणाले आणि डोळे फडक्यात गुंडाळायला लागले. ते मनात म्हणत होते, सात वर्षं दुर्बीण बघतोय, हा मला शिकवतोय.

कार्तिकातला वद्य पक्ष होता. संध्याकाळी चंद्र नाही, आभाळ धुतल्यासारखं. शाळेतून आल्या आल्या मास्तर चहा पीत आणि दिवा घेऊन माळवदावर जात. काकासाहेबांच्या बंगल्यावर जाऊन बघावं, हे त्यांच्या मनात एकदाही आलं नाही असं नाही. एकदा आलं. पण त्या गच्चीवर जायचं, काकासाहेबांच्या बायकोच्या, द्वारकाबाईंच्या हातचा चहा प्यायचा, ती चकचकीत नळी डोळ्यानं बघायची आणि वर "वा" म्हणायचं, एवढी ताकद त्यांच्यात नव्हती. बघायचं ते चांदणंच ना? ते इथूनही दिसतं.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी काळा डोळा लावला आणि पेटी कृत्तिकांवर वळवली. बघतात तो काय, सगळ्या कृत्तिका एका गोल आभाळात आलेल्या. मोठ्या सहा, त्यांच्या मधे, बाजूला, मागं बारक्या कितीतरी. अगदी कडेला असलेली चांदणीसुद्धा सुईच्या टोकासारखी. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीचं असेल म्हणून त्यांनी पुसलं, तर पुन्हा आलं.

मग पितळी लावला. आभाळ आणखी पसरलं. कृत्तिका मधे बसल्या आणि भोवती मोकळी जागा उरली. पण कडेच्या चांदण्या बघून मास्तरांनी तोंड वाकडं केलं. मधल्या ठीक होत्या. कडेकडेच्या मात्र फिसकटल्या होत्या, एकेकीला शेपूट फुटलेलं. त्यांनी नळी मागंपुढं केली, भिंग पुसलं. शेपटं जाईनात. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

म्हणजे निकाल लागला. काळा चांगला, पितळी वाईट. आता आठव्या दिवशी काळा डोळा काकासाहेबांना द्यायचा आणि पितळी याकूबमियांना परत करायचा, एवढंच काम राहिलं होतं. पण पाचव्या दिवसापासून मास्तरांना जेवण गोड लागेना. वर्गात पोरं गणितं सोडवत तेव्हा ते खिडकीतून बघत बसत. आपण निवडायचं, आपण आणायचं, आणि त्या गच्चीवर लोकांनी "अगाबाई" म्हणायचं! त्यानं काय केलं? पैसे मोजले. काच कुणी घासली? फेऱ्या कुणी मारल्या? लहानपणी हिशेब माझे आणि शाबासकी त्याची, आणि अजून तेच?

सातव्या दिवशी ते तुळजाबाईंना म्हणाले, "सायकलीचे पैसे काढून दे."

"आता मधीच सायकल?"

"सायकल न्हाई. डोळा घ्यायचाय. काळा आपण ठेवू."

तुळजाबाई चुलीपुढून वळल्या. "आन् काकासाहेबांना?"

"त्यांना पितळी देतो. मोठा दिसतो, चमकतो. त्यांना तेवढंच पाहिजे."

"चांगला कोणचा हाये?"

मास्तर खुंटीवरचा कोट काढायला वळले. तुळजाबाईंनी त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं आणि उठून डब्यातले पैसे काढून दिले. "त्यांनी इस्वासानं सांगितल्तं तुम्हाला," एवढं मात्र त्या म्हणाल्या. मास्तरांना ते ऐकू गेलं, आणि त्यांनी ते ऐकलं नाही.

पितळी डोळा त्यांनी बंगल्यावर नेऊन दिला, दारातूनच. "हा घ्या. रुंद आहे," म्हणाले. हे खोटं नव्हतं. काकासाहेब खूश, पैसे तिथल्या तिथं मोजले. "आत ये की, लावून दाखव." मास्तर म्हणाले पेपर तपासायचेत, आणि निघाले. दुसऱ्या शुक्रवारी दोन्ही डोळ्यांचे पैसे त्यांनी याकूबमियांना देऊन टाकले.

त्यानंतरचे दिवस मास्तरांनी फार सुखात काढले. काळा डोळा ते फडक्यात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवत, शाळेतसुद्धा. वर्गात मधेच हात लावून बघत. मार्गशीर्षातली संकष्टी जवळ येत होती. या खेपेला गाव दोन्हीकडं बघेल. तिकडं शेपटं फुटलेल्या चांदण्या, इकडं सुईसारख्या. लोकं खुळी नसतात. पुढच्या महिन्यात सगळी इकडं येतील. काकासाहेब एकटेच गच्चीवर बसतील, आपली चकचकीत नळी घेऊन. हे चित्र मास्तर रोज झोपताना डोळ्यांपुढं आणत आणि मग त्यांना झोप लागे.

संकष्टीला मास्तरांनी माळवद शेणानं सारवून घेतलं, सतरंजी अंथरली. दिवेलागण झाली, अंधार पडला. कृत्तिका वर चढल्या. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. बऱ्याच वेळानं सोनूबाई आल्या, पण शेवटच्या पायरीवरच थांबल्या.

"मास्तर, तुम्ही अजून इथंच? चला की. सगळे काकासाहेबांकडं गेल्ते, मीच मागं राह्यले. लई भारी दिसून राह्यलं म्हणतेत."

मास्तर सतरंजीकडं बघत म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं."

सोनूबाई गेल्या. तेवढ्यात खालून हाक आली. काकासाहेबांचा मोटार चालवणारा भुजंग कंदील घेऊन दारात उभा होता. "मास्तर, साहेबांनी बोलावलंय. तुम्ही आल्याशिवाय करमत न्हाई म्हणले. बाईंना बी घेऊन या."

जावं लागलं. बोलावणं नाकारलं असतं तर गावानं कारण विचारलं असतं. मास्तरांनी कोट घातला, खिशातला काळा डोळा चाचपला, आणि तुळजाबाई डोक्यावर पदर घेऊन मागोमाग निघाल्या.

बंगल्याची गच्ची माणसांनी फुलली होती. उपासाच्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, पुरुष नळीपाशी ओळ करून उभे होते. द्वारकाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला "बसा, चंद्राला अजून वेळ हाये" म्हणत होत्या. मास्तरांना बघून काकासाहेब ओळीतून आडवे आले, त्यांचा हात धरला आणि सगळ्यांच्या पुढं नेऊन नळीशी उभं केलं.

"बघ. तुझंच काम हाये."

नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. मास्तर वाकले आणि त्यांनी त्या पितळी नळीला डोळा लावला.

कृत्तिका होत्या. सगळ्या होत्या. काळं, खोल, भलं मोठं आभाळ, आणि त्याच्या मधोमध त्या सांडलेल्या. मास्तरांची नजर आधी कडेला गेली. डावी कड बघितली, उजवी बघितली, वर, खाली. कुठंही शेपूट नाही. अगदी टोकावरची, आता जाते का मग जाते अशी चांदणीसुद्धा सुईचं टोक. हा तोच डोळा होता. त्यांनी हातानं चाचपून बघितला. तीच बांगडी, तोच बुटका पितळी डोळा. आणि काळ्या डोळ्यापेक्षा केवढंतरी जास्त आभाळ.

मास्तरांच्या अंगाला घाम फुटला. मार्गशीर्षाच्या थंडीत.

"दिसलं?" काकासाहेबांनी विचारलं. हा प्रश्न मास्तरांचा होता. तो विचारायचा मान सात वर्षं त्यांचा होता.

"दिसलं," मास्तर म्हणाले.

काकासाहेब गच्चीकडं वळले. "मंडळी, जरा ऐका. ह्या माणसानं जालन्याहून दोन डोळे जांगडावर आणले. आठ दिवस थंडीत उभं राहून दोन्ही बघितले. आन् त्यातला चांगला मला आणून दिला. उरलेला सोताला ठेवला, तो बी सोताचे पैसे घालून. मला याकूबमियांनी सांगितलं म्हणून कळलं, ह्यानं तोंडातून शब्द काढला न्हाई. असा माणूस अंबडात हाये, हे आपलं नशीब हाये."

बायांमधून "खरं हाये बाई" असं दोघीतिघी म्हणाल्या. कुणीतरी मास्तरांच्या पाया पडायला वाकलं. मास्तरांना वाटलं गच्चीचा कठडा ओलांडून खाली उडी मारावी. शिव्या खाव्या लागल्या असत्या तरी त्यांनी सोसल्या असत्या. हे सोसवेना. त्यांनी तुळजाबाईंकडं बघायचं टाळलं, आणि टाळतानाही त्या आपल्याकडंच बघतायत हे त्यांना कळत होतं.

"पण मला हे बराबर वाटत न्हाई," काकासाहेब पुढं म्हणाले, आता जरा हळू, मास्तरांपुरतं. "मी दुर्बीण विकत आणली. तू काच घासली. चांगला डोळा तुझ्याकडंच पाहिजे. हा घे तू. तुझा मला दे. मला काय, कोणचा बी चालंल."

आणि त्यांनी खरोखरच पितळी डोळा नळीतून काढून मास्तरांपुढं धरला.

आता तोंड उघडायची वेळ होती. काकासाहेब, मी हा वाईट म्हणून दिला होता. एवढंच वाक्य. वर्गात पोरांना खरं बोलायला सांगताना मास्तर याहून लांब वाक्यं बोलत. पण त्यांच्या डोळ्यांपुढं ते भलं मोठं आभाळ होतं, कडेपर्यंत सुईसारखं, आणि ते दुसऱ्याच्या हातात होतं. घरची शेपटं इथं कुठं गेली, हे विचारायलाही मन थांबलं नाही. मास्तरांनी खिशातून काळा डोळा काढला, काकासाहेबांच्या हातावर ठेवला आणि पितळी घेतला. तो त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला. लोकांना वाटलं, मास्तर गहिवरले.

"आम्ही निघतो," ते म्हणाले. "घरी नैवेद्य राह्यलाय."

वाटेत मारुतीच्या देवळापाशी आल्यावर तुळजाबाई म्हणाल्या, "दिलंत ते बी त्यांनी चांगलं म्हणून घेतलं. घेतलंत ते बी त्यांनी चांगलं म्हणून दिलं."

"गप चल," मास्तर म्हणाले. त्यांची पावलं जवळजवळ धावत होती. चंद्र यायला अजून पाऊण तास होता. पाऊण तासाचा अंधार होता.

माळवदावर जाऊन त्यांनी कोटही काढला नाही. पितळी डोळा पेटीला बसवला, पेटी कृत्तिकांवर वळवली आणि डोळा लावला.

मधे कृत्तिका, आणि कडेला शेपटं. सगळीकडून, जशीच्या तशी.

त्यांनी नळी पुढं घेतली, मागं घेतली. धोतराच्या सोग्यानं भिंग पुसलं. डोळा काढून, फिरवून, पुन्हा बसवला. शेपटं फिरली नाहीत की गेली नाहीत. आणि मग याकूबमियां कपाळावरचा चष्मा सारखा करत त्यांच्यापुढं उभे राहिले. याचा चष्मा त्याच्या नाकावर घालून बघत न्हाईत. मास्तरांना एकदम सगळं कळलं. आपला आरसा रुंद आणि आखूड. त्याचा उजेड चोहोबाजूंनी तिरपा येऊन डोळ्यात घुसतो, तो या पितळी डोळ्याला पेलत नाही. काकासाहेबांची नळी सडपातळ आणि लांब. तिचा उजेड सरळ येतो, तिला कुठलाही डोळा चालतो. पितळी तिथं चांगला होता. काळाही तिथं चांगलाच दिसणार. इथं मात्र एकच डोळा चालत होता, काळा, आणि तो आपण आपल्या हातानं देऊन आलो. त्या गच्चीवर एकदा, एकदाच जाऊन बघितलं असतं तर दोन्ही डोळे आपापल्या जागीच राहिले असते. तेव्हा पाय उचलला नाही. परत मागायला आता कुठल्या तोंडानं जायचं? त्या तोंडाचं तर गावानं नुकतंच कौतुक केलं होतं.

"काय झालं?" तुळजाबाई जवळ आल्या.

"काही न्हाई."

"सरका, मला बघू द्या." त्या वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. दिवसभराचा उपास, थंडी, आणि तरी त्यांच्या तोंडातून हलकेच निघालं, "अगाबाई. चांगलं तं दिसून राह्यलं."

"कडेला बघ."

"कडेला कशाला बघू? मी मधी बघून राह्यले. सगळ्या हायेत की. मधी लई झाक दिसतंय." मग त्या सरळ झाल्या आणि अंधारातच म्हणाल्या, "आठ दिवस हेच बघत होतात. तेव्हाबी मधी असंच दिसत असंल."

गावाच्या त्या अंगाला, बंगल्याच्या गच्चीवर कसलीतरी गडबड उडाली. काकासाहेबांनी काळा डोळा बसवला असावा. मग एक आवाज थंडीतून स्वच्छ इकडं आला. सोनूबाईंचा होता. "अगाबाई!"

तुळजाबाई चंद्राची वाट बघत सतरंजीच्या कडेला जाऊन बसल्या. मास्तरांनी पुन्हा डोळा लावला. मधे कृत्तिका होत्या, सहाच्या सहा, आणि त्यांच्या भोवतीच्या बारक्या, मोजता न येणाऱ्या. त्याच बघायला तर त्यांनी तीन वर्षं पिंपाभोवती फेऱ्या मारल्या होत्या. हे सगळं त्यांना दिसत होतं, आणि बायको म्हणाली ते खरं होतं हेही कळत होतं. त्यांनी दोन-तीन श्वास मधेच नजर धरून ठेवली.

मग ती कडेला गेली.